तव्यावरचा हात

वाइन शॉपचा परवाना परत करायचा तर खात्याचा एक छापील अर्ज असतो. त्यात 'परत करण्याचे कारण' यापुढे चार ओळींची जागा सोडलेली आहे. बहुतेक जण तिथे 'घरगुती अडचण' असं लिहून मोकळे होतात. माझं कारण चार ओळींत मावत नाही, म्हणून मी हे जोडपत्र लिहायला घेतलंय. वाघचवरे सर असते तर म्हणाले असते, "थोरबोले, ज्याला उत्तर येतं त्याला दिलेली जागा पुरते."

मी नागेश थोरबोले. बार्शीत पोस्टाच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. आपल्याकडे दारू घ्यायची तर पंचवीस पूर्ण लागतात आणि परवाना लागतो. धारकाला प्रकृती राखण्यासाठी मद्य हवं आहे, अशा अर्थाचं काहीतरी त्या परवान्यावर छापलेलं असतं. ते वाचून हसला नाही असा माणूस आमच्या धंद्यात नसेल. वडिलांच्या काळात गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून वय ठरायचं. मिशी आहे ना, मग झालं. पुढे ओळखपत्रं बघायला लागले. मग ती ओळखपत्रं फोनवर घरबसल्या हुबेहूब बनायला लागली, चेहरासुद्धा बनायला लागला, आणि सोळा वर्षांची पोरं कॅमेऱ्यापुढे चाळिशीची दिसू लागली. दोन हजार सदतीस साली अशाच पोरांची एक गाडी पुलावरून खाली गेली. तेव्हा सरकारने ठरवलं, कागदाचं ऐकायचं नाही आणि तोंडाचंही नाही. अंगालाच विचारायचं.

त्यासाठी जे यंत्र आलं त्याचं कागदोपत्री नाव वयमापक. थाळीएवढी काळी गोल चकती. तिच्यावर तळहात ठेवून चार सेकंद थांबलं की दुकानदाराच्या बाजूच्या पडद्यावर आकडा येतो. गावाने पहिल्याच आठवड्यात तिचं नाव तवा करून टाकलं. नियम सोपा होता. गिऱ्हाइकाचा परवाना क्रमांक टाकायचा आणि तव्यावर हात घ्यायचा. प्रत्येकाचा. 'दिसतोय की मोठा' या पळवाटेतूनच आजवर सगळं निसटत आलं होतं, म्हणून अपवाद ठेवलेलाच नव्हता. तोंडात दात नसलेल्या माणसालासुद्धा आपली पंचवीस पूर्ण झाल्याचं सिद्ध करावं लागायचं.

आमचे सोपान मिस्त्री पहिल्या दिवशी म्हणाले, "आरं नागेश, माझ्या नातवाचं लगीन झालं की परवा. तू जेवून गेलास."

"ठेवा की मामा हात. सगळ्यांनाच हाय."

"नातवाचा आणू का?"

असं हसतखेळत चाललं होतं. तव्यावर दिसतं ते अंगाचं वय, जन्मतारखेचं नव्हे. त्यामुळे आकडा कधी पाच वर्षं इकडे, कधी सात वर्षं तिकडे. तो कुणाला सांगायचा नाही असा मी माझ्यापुरता नियम केला. बाईमाणसाला वय विचारत नाहीत, तसंच हे. कुणी विचारलंच तर मी म्हणायचो, "पंचवीसच्या वर." माणूस हसायचा, पिशवी उचलायचा, जायचा. पडदा माझ्याच बाजूला होता.

वाघचवरे सर दर शनिवारी चारला येत. दहावीपर्यंत त्यांनी मला विज्ञान शिकवलं होतं. पुढे ते मुख्याध्यापक झाले, निवृत्त झाले, आणि पत्नी वारल्यावर आठवड्याला रमची एक क्वार्टर घ्यायला लागले. रांग नसेल अशी वेळ गाठायचे. वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली कापडी पिशवीत तळाशी जायची आणि वर मेथीची जुडी यायची. आम्ही दोघंही त्या वेळी बाटलीबद्दल काही बोलत नसू.

तवा आल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी नेमकी गर्दी होती. सर रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आली आणि मी मान खाली घालून म्हटलं, "सर, हात..."

मागून कुणीतरी आवाज टाकला, "गुरुजी, पंचवीस पूर्ण झाली का?"

लोक हसले. हसणाऱ्यांत तिघे-चौघे सरांचेच विद्यार्थी होते. सरांनी हात ठेवला. पडद्यावर आकडा आला: त्र्याऐंशी. सर तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते.

"किती दाखवतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

"पंचवीसच्या वर, सर."

ते हसले नाहीत. पिशवी घेऊन निघून गेले आणि त्या दिवशी मेथी घ्यायलाही विसरले.

पुढच्या शनिवारी ते गल्लीच्या तोंडाशी दिसले तेव्हाच मी ठरवून टाकलं. हात कुणाचा आहे हे तव्याला कळत नसे. तसं मुद्दामच केलं होतं. लोकांच्या हाताचे ठसे दारूच्या दुकानांत साठवायचे नाहीत म्हणून बरीच ओरड झाली होती, आणि ती रास्तच होती. तवा वय सांगायचा, माणूस ओळखायचा नाही. मी सरांचा परवाना क्रमांक टाकला आणि माझाच तळहात चकतीवर ठेवला. पंचावन्न. माझं खरं वय अठ्ठेचाळीस, पण दुकानात बारा तास उभं राहणाऱ्याचं अंग लवकर पिकतं.

"सर, तुम्ही कशाला. झालं." मी बाटली पुढे केली.

सरांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"थोरबोले, दुसऱ्याच्या अक्षरात लिहिलेला पेपर माझ्यासमोर आला असता तर मी काय केलं असतं?"

"बाहेर काढलं असतं, सर."

"हं." त्यांनी बाटली पिशवीत ठेवली. "आता मी निवृत्त आहे," असं म्हणाले आणि गेले.

त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. गुरुदक्षिणा दिल्यासारखं वाटलं, आणि ते वाटणं मी पुढे सव्वा वर्ष जपलं.

एका शनिवारी दुकान रिकामं होतं. मी सरांना स्टूल दिलं आणि विचारलं, "सर, हा तवा वय ओळखतो तरी कसा?"

त्यांच्या चेहऱ्यावर खडूची धूळ बसलेली मला दिसली, इतके ते एकदम वर्गात गेले. "भाकरीला तव्यावर तांबूस डाग कशाने पडतात?"

"भाजल्याने."

"म्हणजे कशाने? मार्क नाहीत या उत्तराला." मग सावकाश सांगायला लागले. पिठात साखर असते आणि प्रथिनं असतात. उष्णतेने ती एकमेकांना चिकटतात आणि तो रंग येतो. आपल्या अंगातही साखर आहे, प्रथिनं आहेत, आणि सदतीस अंशांचा जाळ जन्मभर चालू आहे. जाळ मंद आहे, म्हणून भाकरीला दोन मिनिटं लागतात तिथे माणसाला सत्तर वर्षं लागतात. पण डाग पडतातच. कातडीत, रक्तवाहिन्यांत, डोळ्यांत. ठरावीक रंगाचा प्रकाश त्यांच्यावर सोडला की ते मंदसे उजळतात. तवा तो उजेड मोजतो.

"म्हणजे डाग मोजले की वय कळलं."

"डाग मोजले की भाजणं कळलं. वय हा त्यावरून काढलेला अंदाज." त्यांनी बोट वर केलं. "आणि हा जळका कचरा मूत्रपिंडं थोडाथोडा बाहेर टाकत असतात. ती थकली की कचरा साठतो आणि माणूस तव्यावर एकदम म्हातारा दिसतो. म्हणून या यंत्राचा खरा उपयोग तुझ्या दुकानात नाही, दवाखान्यात आहे. मी तर परवान्याच्या अर्जात तशी खूणच केलीय. माझे सगळे आकडे माझ्या डॉक्टरला दिसतात."

हे त्यांनी मला सांगितलं. माझ्या दुकानात, माझ्या स्टुलावर बसून सांगितलं. आणि मी काय केलं, तर "वा, सर" म्हणून परवाना क्रमांक टाकला आणि माझा हात ठेवला. सरांनीही अडवलं नाही. स्वतःच आत्ता काय सांगितलं ते त्यांच्या लक्षात आलं नसेल का? मी यावर पुष्कळ विचार केलाय. मला वाटतं, आपलं सगळं ठीक आहे असं ते धरून चालले होते. मी लपवलेला त्र्याऐंशीचा आकडा त्यांना कुठे माहीत होता?

पावसाळ्यानंतर सर जरा थकलेच. गुडघे दुखतात म्हणायचे. चपलेचा पट्टा एक भोक सैल केला होता, तरी पायावर वळ उठलेला दिसायचा. मी म्हटलं, "सर, पाय सुजलेत."

"डॉक्टरांना दाखवलं. तरुण मुलगी आहे, हुशार आहे. गुडघ्यासाठी रोजची गोळी दिलीय." मग जरा अवघडून म्हणाले, "माझे आकडे बघून म्हणाली, काका, तुमचं अंग पंचावन्नचं आहे, रक्त तपासायची घाई नाही. ज्यांचा आकडा वयाच्या वर त्यांच्या तपासण्या आधी, असा नियमच आहे म्हणे त्यांच्याकडे."

मी हसलो. खोटं कशाला लिहू, हसलो. माझं अंग सरांच्या नावावर लागलं याची मला गंमत वाटली.

पण सर हसत नव्हते. "ती असंही म्हणाली की पहिला आकडा त्र्याऐंशीचा आहे. तो तिने सोडून दिला. पहिले तीन महिने यंत्रं रुळत होती, तेव्हाचे आकडे धरत नाहीत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तो एकच माझा होता ना?"

"सर, नवं होतं यंत्र. काहीबाही दाखवायचं तेव्हा. सोपान मिस्त्रींना एकदा अडतीस दाखवलं होतं त्यानं."

मिस्त्रींना अडतीस कधीच दाखवलं नव्हतं. हे मी जागच्या जागी रचलं, म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून.

"असं होय," सर म्हणाले. मग पिशवी काउंटरवर ठेवली आणि उजवा हात पुढे केला. "तरी पण आज मी ठेवतो."

माझा हात तोवर चकतीवर गेलेला होता. सवयीने गेला, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. पण हे जोडपत्र आहे आणि ते नीट लिहायचंय. चार सेकंद लागतात. मी हात उचलू शकलो असतो. त्या चार सेकंदांत माझ्या डोक्यात आलं ते असं: रुळण्याचे तीन महिने संपलेत. आता एकाच परवान्यावर दहा वर्षांहून मोठी उडी दिसली की खात्याकडून खुलासा मागतात. पंचावन्नचे एकदम पंच्याऐंशी झाले तर मी काय सांगणार? सव्वा वर्ष दुसऱ्याच्या हाताने विक्री केली म्हणून दुकानाला टाळं लागलं असतं. तोवर मी जे करत होतो त्याला आदर म्हणता आलं असतं. त्या दिवशी ती भीती होती आणि मी ती आदराच्या आवाजात बोललो.

"कशाला सर. झालंसुद्धा."

सरांचा हात काउंटरवर क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी तो खिशात घातला. ते मुख्याध्यापक राहिलेले होते, आकडा उडाला की दुकानाला खुलासा मागतील हे त्यांनाही कळत असणार.

त्यानंतर सर सात शनिवार आले. आठव्याला आले नाहीत. मिस्त्री सांगत आले की मास्तरांना सोलापूरला नेलंय, दोन्ही मूत्रपिंडं गेलीत. मी बघायला गेलो तेव्हा सर झोपलेले होते. बाहेर बसलेल्या त्यांच्या मुलीला पाहून मी जिन्यावरूनच परत फिरलो. नेल्यापासून तेराव्या दिवशी सर गेले.

महिन्याभराने, शनिवारीच, चारच्या सुमाराला ती दुकानात आली. शलाका. नाशिकला असते, वय बेचाळीस. शाळेत सर तिला मागच्या बाकावर बसवून ठेवायचे आणि आम्ही तिला पेरू द्यायचो.

"दादा, बाबांचा परवाना जमा करायला आलेय," ती म्हणाली. परवाना काउंटरवर ठेवला. त्याखालून छापील कागदांची एक चळत काढली. "आणि हे विचारायचं होतं. बाबांचे आकडे. पहिला त्र्याऐंशी. पुढे बघा, पंचावन्न, पंचावन्न, शेवटी छप्पन्न. सोलापूरचे डॉक्टर म्हणतात, हे होऊच शकत नाही. मूत्रपिंडं निदान दोन वर्षं झिजत होती. त्यात त्या गुडघ्याच्या गोळ्या. त्यांनीच उरलेली घालवली. आधी कळलं असतं तर हातात वेळ होता म्हणे."

मी त्या कागदांवरून नजर फिरवली.

"मी इथल्या डॉक्टरबाईंची तक्रार करणार आहे. ती मुलगी म्हणते, आकडा पंचावन्न होता, मी नियमाने वागले. पण एवढा चुकीचा आकडा खपतो कसा? तुम्ही प्रत्येक शनिवारी समोर होता ना दादा? बाबा हात नीट ठेवायचे ना? मला तेवढं लिहून द्याल?"

'हो' म्हणणं फार सोपं होतं. एक सही, आणि मी सुटलो असतो. ती डॉक्टर मुलगी अडकली असती. तिला मी ओळखतही नव्हतो.

मी तवा चालू केला. परवाना क्रमांक टाकला नाही की नोंद होत नाही, नुसता आकडा येतो. मी माझा हात ठेवला, चार सेकंद थांबलो आणि पडदा तिच्याकडे फिरवला. दीड वर्षात पहिल्यांदा तो पडदा गिऱ्हाइकाच्या बाजूला वळला.

छप्पन्न.

तिने आकड्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. तिचं बोट यादीवरून वरपासून खालपर्यंत हळूहळू फिरलं.

"सगळे?"

"पहिला सोडून."

ती स्टुलावर बसली. सर बसायचे त्याच. मी सांगत गेलो: रांगेतली थट्टा, भाकरी, आणि पुढे केलेला हात. भीतीचंही सांगितलं. रडलो नाही, कारण रडलो असतो तर तिला माझीच समजूत घालावी लागली असती.

"बाबांना माहीत होतं," ती म्हणाली. "सोलापूरला डॉक्टरांनी विचारलं त्यांना, काका, हा आकडा तुमचाच का? मी शेजारीच होते. बाबा म्हणाले, यंत्राचं काहीतरी चुकलं असेल. पुढे कुणी विचारू नका म्हणाले." तिचा आवाज कोरडा होता. "कॉपी केली म्हणून सख्ख्या भाच्याला वर्षभर घरी बसवणारा माणूस. मरताना खोटं बोलला. मला कळेचना का. तुमच्या दुकानासाठी बोलला तो."

मला त्या वेळी काय वाटलं ते लिहायला मला येत नाही. सरांनी मला नापास केलं असतं तर मी आयुष्यभर त्यांचा ऋणी राहिलो असतो, एवढंच येतं.

शलाका उठली. जाईल असं वाटलं. पण ती काउंटरपाशी आली आणि बाही वर सरकवली.

"आजीलाही मूत्रपिंडाचंच होतं. डॉक्टर म्हणाले, घराण्यात असू शकतं, तुम्ही बघून घ्या. महिनाभर मी टाळतेय." तिने चकतीवर तळहात ठेवला. सरांचीच बोटं, लांब आणि गाठीची.

पडदा अजून तिच्याच बाजूला होता. मी काउंटरवरून वाकून बघितलं. एकोणसाठ.

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. यंत्र जुनं झालंय ताई. उन्हातून आलात म्हणून. थकलाय महिनाभर. काहीबाही दाखवतं. ती बेचाळीस वर्षांची होती, बापाचे दिवस करून आली होती आणि कुणीतरी 'काही नाही' म्हणावं म्हणून थांबली होती.

"बरोबर असेल का हा?" तिने विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "त्यांचा पहिलाही बरोबर होता."

तिने बाही खाली केली. कागद गोळा केले, एकावर एक नीट लावले. बाहेर गल्लीत शनिवारची गर्दी सुरू झाली होती. सोपान मिस्त्री पायरीशी येऊन उभे होते.

"त्या डॉक्टरबाई पाचपर्यंत असतात," शलाका म्हणाली. "आधी माझं रक्त देते. मग तुम्ही तिला सांगा. मला जे सांगितलंत तसंच, पहिल्यापासून."

मी दिवे घालवले. मिस्त्री विचारत होते, "का रं, आज बंद? कोण गेलं?" शटर ओढलं, कुलूप लावलं आणि तिच्यामागून चालायला लागलो.